नववं नाव

पोलीस ठाण्यात झाडलोट आणि चहापाणी करून मी निवृत्त झाले. किती केसेस आल्या नि गेल्या, पण ही एक मनातून जात नाही. नावं बदलून लिहिते.

खोपोलीतला एक लग्न जुळवणारा दलाल गरीब घरच्या मुली परराज्यात विकतो, अशी खबर आली. साहेबांनी त्याला आणलं. तो एकच घोकायचा, "दोनच लग्नं लावली साहेब, देवाशपथ." कॉम्प्युटरातले मुलींचे फोटो त्याने पुसले होते. फायलींची नावं तेवढी परत मिळाली, तीही शेकड्यांनी. सुनीता_१, सुनीता_२, मंदा_१, अशी.

आमच्या महिला शिपाई बाईंनी छोटा प्रोग्राम लिहिला. आकड्याच्या आधीचं नाव घ्यायचं, तेच पुन्हा आलं तर मोजायचं नाही. नऊ नावं निघाली. यादी पुढे ठेवली तशी दलालाची मान खाली गेली. आठ पत्ते त्याने दिले, आठही मुली परत आल्या. नववी कल्याणी म्हणून कुणी मुलगीच नाही, असं मात्र तो म्हणत राहिला, आणि आधीच्या खोट्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही.

पळसदरीकडची एक आई रोज येऊन बाकावर बसायची. तिची रेखा हरवलेली. यादीत रेखा नव्हतं.

"सासरी नाव बदलतात ना गं," ती मला म्हणाली. "तांदळात कल्याणी लिवलं आसंल. ती माजी रेखाच हाय."

साहेबांनाही पटलं. तिच्या शोधाला पथक पुन्हा परराज्यात पाठवायचं ठरलं.

त्याच दिवशी मुली जबाबाला आल्या होत्या. चहा देताना मी विचारलं, "तिकडं तुमची नावं बदलली का गं?"

मंदा म्हणाली, "माजं कल्याणी ठेवलं व्हतं. जबाबात कुनी इचारलंच नाय."

साहेबांपुढे बोलायला मला धीर होत नसे, तरी आत जाऊन सांगितलं. त्यांनी मंदाला बोलावून खात्री केली, नववं नाव खोडलं, पथक रद्द केलं. मग बाहेर येऊन सगळ्यांदेखत त्या आईला सांगितलं. रेखाची नोंद हरवलेल्यांच्या रजिस्टरात राहिली.

आई माझ्याजवळ आली. "तू कशाला इचारलंस गं बाई? निदान जाऊन तरी आले आसते."

प्रोग्रामने नावं बरोबर मोजली होती. पण एका बाईची नावं किती, ते तिलाच विचारावं लागतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं. त्यात चूक नव्हती. पण साहेबांकडे जाण्याआधी त्या आईशेजारी बसून मीच तिला सांगायला हवं होतं. ती दोन पावलांवर बसली होती, आणि मी हातात चहाचा ट्रे घेऊन तिच्यासमोरून गेले.