ताटाखालचा ठिपका

ताटाखालच्या त्या लाल ठिपक्याला मी होकार दिला होता. बायकोला हे माहीत नाही. मुलीला तर नाहीच. आज पहिल्यांदा लिहून राहिलोय.

बारावीनंतर मुलीला डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला ठेवलं. तिथं घरोघरी मुलींना खोल्या देतात, जेवणासकट. एका निवृत्त शिक्षिकेचं घर मिळालं. स्वच्छ, क्लासच्या जवळ. बाईंनी आडनाव विचारलं. आमच्यातले कितीतरी जण अशा वेळी गावाचं नाव लावतात. मीही लावलं. नायगावकर. बाई हसल्या, चहा आणला. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी बशीत बघत चहा पिलो.

जयंतीला मुलीनं खोलीत बाबासाहेबांचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. संध्याकाळी मला नांदेडला बाईंचा फोन. आवाज गोड.

"साहेब, मी स्वतः काही मानत नाही हो. पण घरात सासूबाई आहेत, त्यांचं सोवळंओवळं आहे. तिचं ताट तेवढं वेगळं ठेवते. खाली बारीक खूण करते, तिला कळणारसुद्धा नाही. तुम्ही शिकलेली माणसं. जरा ॲडजस्ट करा."

परीक्षा तोंडावर होती. मी म्हणालो, "हाव, करू ॲडजस्ट."

किती सहज म्हणालो. हा शब्द माझ्या जिभेवर रुळलेला होता. रिक्षात कुणी म्हणतं, सरका मामा, ॲडजस्ट करा, तेव्हा सगळेच बूड हलवतात आणि चौथ्याला जागा होते. तिथं तो शब्द मला आवडतो. पण ऑफिसात सत्यनारायण असला की साहेब म्हणायचे, तुम्ही आज खाली टपाल बघा, ॲडजस्ट करा. तेव्हा दुसरं कुणी जागचं हलायचं नाही. मी एकटाच सरकायचो. नोकरी लागल्यापासून सरकत आलो. सोबतचे थट्टा करायचे, ह्यांना भिंतीत बसवा, तिथंबी ॲडजस्ट होतील. मीपण हसायचो.

पुढच्या रविवारी लातूरला गेलो. आपलं ताट आपण धुवायचं, ही त्या घरातली रीत. धुता धुताच तिला दिसलं असावं. तिनं ताट माझ्यापुढं उपडं ठेवलं. मधोमध नेलपॉलिशचा लाल ठिपका. सुकलेला.

"पप्पा, दुसऱ्या कुणाच्या ताटाला न्हाई हे. मी सगळी उलटी करून बघितली."

परीक्षेपुरतं ॲडजस्ट कर बाई, हे माझ्या ओठावर आलं होतं. खोटं कशाला सांगू. पण ती सल्ला मागत नव्हती. बाप कधी उठतो, ते बघत होती.

उठलो.

बाई स्वयंपाकघरात होत्या. ताट ओट्यावर ठेवलं. आमचं खरं आडनाव सांगितलं, बाहेर जेवणाऱ्या पोरींना ऐकू जाईल असं. "सामान आत्ता नेतो. हे ताट तुम्हाला राहू द्या."

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, पण फोनवर तुम्हीच तर..."

मुलगी तोवर वरच्या खोलीत जाऊन बॅग भरत होती. तिच्या कानावर गेलं नाही. मला हायसं वाटलं. ताटापेक्षा ते हायसं वाटणं मला जास्त टोचतं.

मुलगी आता कॉलेजात आहे. मैत्रिणींना रंगवून सांगते, माझ्या पप्पांनी उभ्या उभ्या ते घर सोडलं. मी मान खाली घालतो. पोरींना वाटतं, काका साधे आहेत.

यंदा ऑफिसात पूजा झाली. साहेब म्हणाले, तेवढं टपाल. मी म्हणालो, बसलोय की मी इथं. आणि बसूनच राहिलो. एवढं जमलं. पण ते सोपं होतं.

रविवारी मुलगी घरी येतेय. बायकोलाही समोर बसवून पोरीला सांगणार आहे. ठिपका बाईंनी लावला, पण मला विचारून लावला. ऐकून ती मला पप्पा म्हणेल की नाही, माहीत नाही. तरी हे खरं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.