आमची स्वतःची दुर्बीण

बंगळूरजवळ होसकोट्याला आमचा नवा कारखाना झाला, तेव्हापासून पाहुण्यांना आधी एक छोटी फिल्म दाखवतात. तिच्यात बोम्मसंद्र्याची आमची जुनी भाड्याची शेड क्षणभर दिसते आणि लगेच ड्रोन, रडारचे भाग, चकचकीत फरशी आणि पांढऱ्या कोटातली माणसं सुरू होतात. मागून आवाज सांगतो की कंपनीने ‘झेप घेतली’. मला ते ऐकलं की चीड येते. कसली झेप? आम्ही रांगलो, धडपडलो, आणि एकदा तर आपल्याच हाताने तोंडावर पडता पडता वाचलो. पण फिल्म करणाऱ्यांना हे कोण सांगणार? मी सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, मॅडम, दोन मिनिटांत बसत नाही. म्हणून इथे लिहिते.

मी चाचणी विभागाची. आम्ही घडवलेली वस्तू तापवायची, गोठवायची, हादरवायची, पाण्याखाली धरायची, आणि तरी ती चालली तरच पुढे पाठवायची, हे माझं काम. नाकावर राग असलेल्या बाईला याहून चांगली नोकरी मिळाली नसती.

त्या काळी आम्ही उष्णतेवर बघणारी एक दुर्बीण तयार करत होतो. अंधारात माणसाच्या अंगाची ऊब टिपून ती चित्र दाखवते. सीमेवरच्या जवानांसाठी अशा दुर्बिणी तोवर बाहेरूनच यायच्या. आमची पहिली होती जिचं डिझाइन, भिंगं, आतलं सगळं गणित इथलं. लष्कराच्या तपासणीत ती पास झाली तर आमची, नापास झाली तर एका परदेशी कंपनीची मागवायची आणि आम्ही ती इथे फक्त जोडायची, असं ठरलेलं होतं. त्या कराराचे कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी तयार पडले होते. सर म्हणजे आमचे संस्थापक, सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, मूळचे म्हैसूरकडचे. त्यांना ते कागद डोळ्यांसमोर नको असायचे. वर्तमानपत्र टाकून झाकून ठेवायचे.

मला त्या कागदांचा राग वेगळ्या कारणाने होता. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, अख्खं आयुष्य इथल्या एका सरकारी कारखान्यात परदेशी खोकी उघडून आतले सुटे भाग जोडण्यात गेलं. उत्तम जोडायचे. पण कुणी कौतुक केलं की म्हणायचे, “आम्ही गवंडी. घर दुसऱ्याचं.” जयनगरच्या आमच्या घरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला तशी नोकरी करायचीच नव्हती.

तपासणीच्या आधी खंडेनवमी आली. बंगळूरच्या कारखान्यांत आयुधपूजेला जो उत्साह असतो तो दिवाळीलाही नसतो. लेथला केळीचे खांब, कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा, दारात फोडलेला कोहळा आणि त्याच्यावर सांडलेलं कुंकू. सरांना त्या वर्षी दुर्बिणीचीही पूजा हवी होती. मी कंबर कसून उभी राहिले. म्हटलं, कुंकू लावू देणार नाही, हळद नाही, अक्षता नाहीत, फुलाची पाकळीसुद्धा तिच्याजवळ येणार नाही. सर हसले. “सरी, सरी, ठीक आहे. नुसती आरती. हातही लावायचा नाही.” झालं तर मग. आम्ही सगळे इंजिनियर फार शहाणे. कशाचाही स्पर्श होणार नाही याची काळजी घेतली, आणि दुर्बीण सकाळीच गोठवायच्या चाचणीच्या शीतपेटीतून काढलेली, दव सुकावं म्हणून टोपण उघडं ठेवलेली, तशीच टेबलावर मधोमध मांडली. सरांनी तबकात भरपूर कापूर पेटवला आणि आरती मनसोक्त ओवाळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टोपण लावून आम्ही दसऱ्याच्या सुट्टीवर गेलो.

सुट्टी संपली आणि तपासणी अधिकारी आले. उत्तरेकडचे, लष्करातले, मोजकं बोलणारे. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, खाली ठेवली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे दिली. मी पाहिलं. चित्र मलूल होतं. समोर उभा असलेला माणूस मळक्या मलमलीआडून दिसावा तसा दिसत होता.

अधिकारी शांतपणे म्हणाले, “लंच के बाद देखते हैं,” आणि जेवायला गेले.

ते दाराबाहेर पडताच आमच्यात जुंपली. कुणी म्हणे आतला सेन्सर गेला, कुणी म्हणे सील फुटून आत ओल शिरली. दोन्हींचा अर्थ एकच, दुर्बीण उघडावी लागणार, म्हणजे नापास. सर खुर्चीत बसून होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी ओरडले, “आधी गप्प बसा सगळे!” आणि विजेरी घेऊन पुढची काच तिरकी धरून पाहिली. ही काच नेहमीसारखी नसते. तिच्यातून उष्णता आरपार जाते, पण डोळ्यांना ती काळसर धातूची चकतीच वाटते. तिच्यावर काळं काही बसलं तर सहज दिसत नाही. विजेरीच्या उजेडात मात्र तिची चकाकी गेलेली दिसली.

माझी मुलगी तान्ही होती तेव्हा आई घरी काजळ धरायची. कापूर पेटवायचा आणि वर गार पाण्याने पुसलेली चांदीची वाटी उपडी धरायची. भांडं जितकं गार तितकं काजळ छान धरतं, असं ती सांगायची. आम्ही शीतपेटीतून काढलेल्या काचेसमोर मूठभर कापूर जाळला होता. लाखमोलाच्या भिंगावर आम्ही सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवत, काजळ धरलं होतं.

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भिंग पुसायचं मऊ कापड माझ्या हातात होतंच. कुणीतरी म्हणालंही, ते जेवून येईपर्यंत होऊन जाईल, कुणाला कळायचंही नाही.

“थांबा,” सर म्हणाले. “ते आल्यावर. त्यांच्यासमोर पुसायचं.”

“सर, ते नापास करतील!” मी जवळजवळ भांडलेच.

“करू देत. उद्या जवानाच्या हातात ही मलूल झाली तर तो आपल्यावर विश्वास ठेवून कापड काढेल की घाबरून फेकून देईल? आपल्याकडून काय झालं ते त्यांना माहीत असायला हवं.”

अधिकारी परतले. सरांनी उभं राहून, एक शब्दही न गाळता, सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, “आरती किसने की?”

“मैंने,” सर म्हणाले.

त्यांनी मला खूण केली. मी त्यांच्यादेखत काच पुसली. चित्र लख्ख झालं. पण ते एवढ्यावर सोडणारे नव्हते. सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घ्यायच्या, तापवण्यापासून पावसापर्यंत, असं त्यांनी जाहीर केलं. जाताना दारात थांबून म्हणाले, “अगले साल ढक्कन लगाके कीजिए।” ते हसले की नाही हे आमच्यात अजूनही वादाचं आहे.

पुढचे कित्येक आठवडे मी त्या दुर्बिणीचे असे हाल केले की डिझाइनवाली मंडळी माझ्याशी बोलेनाशी झाली. ती टिकली. पास झाली. सरांनी करारावरचं वर्तमानपत्र उचललं, कागद सही न करता परत पाठवले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही कुणीही दार वाजवलं नाही. मला त्या दिवशी या माणसाखाली काम करण्याचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवू कळेना. त्यानंतर आली ती मागणी, मग होसकोट्याची जमीन, मग बाकीचं सगळं फिल्ममध्ये आहेच.

फिल्ममध्ये नाही ते हे. पहिल्या दुर्बिणी वर उत्तर सीमेवर गेल्या त्या हिवाळ्यात, एका संध्याकाळी मी घरी अण्णांना चहा देत होते आणि माझा फोन वाजला. तेच अधिकारी. मी घाईघाईने विचारलं, काय बिघडलं?

“शिकायत नहीं है, मॅडम. यहाँ अंधेरा हो गया है. आँख से कुछ नहीं दिखता. आपके वाले से सब दिख रहा है. सोचा, बता दूँ.”

मी फोन ठेवला. अण्णांना कामातलं काही सांगायची मुभा नव्हती, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. पण त्यांनी माझा पहिला प्रश्न ऐकला होता.

“काय बिघडलं ग?”

“काही नाही बिघडलं, अण्णा. चांगलं चाललंय, एवढंच सांगायला केला होता.”

त्यांनी कप खाली ठेवला. “वरून? थेट तुला?”

“हो.”

“आमचं काही बिघडलं तरी फोन परदेशात जायचा,” ते म्हणाले. मग चष्मा काढून स्वल्प वेळ पुसत बसले, आणि पुन्हा विचारलं, “तुला केला?”