खापरसरांची जागा

आमच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या सरांच्या पँटचा उजवा खिसा कायम फाटलेला. कोंढ्याकडच्या शेतांत, धानाच्या बांध्यांमध्ये सापडणारी जुनी खापरं ते त्यातच कोंबायचे, म्हणून ते खापरसर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. मला वाटायचं, प्राध्यापक म्हणजे मोटारवाला माणूस. हे पहिल्याच दिवशी चिखलाच्या पायांनी वर्गात आले.

कोणतीही वस्तू दाखवा, त्यांचा प्रश्न एकच : "जागा कोणती?" कोणती बांधी, किती खोल, हे सांगता आलं तरच खापरावर काळ्या शाईने क्रमांक पडायचा आणि वहीत नोंद व्हायची. छापलेले लेख मात्र शून्य. "खात्री नाही, तर लिहू कसं?" म्हणायचे. शेजारच्या खोलीतल्या साहेबांना असला आजार नव्हता. आठ पानांत अख्खा मौर्यकाळ उरकून ते बढती घेऊन बसले. सातवाहन दिवाळीच्या सुट्टीत उरकले.

सरांच्या बढतीची शेवटची मुलाखत ठरली, तेव्हा माझ्या बाबांनी मनावर घेतलं. धानाच्या रोवणीत निघालेली सारी खापरं त्यांनी घासून धुतली, पोत्यात भरली आणि सायकलवर कॉलेजात आणली.

"घ्या गुरुजी, पोतंभर आहेत. त्या मुलाखतवाल्यायले दाखवा."

"कोणत्या बांधीतली, भाऊ?"

"साऱ्याच."

"मंग यात अन् छपरावरच्या फुटक्या कवेलूत फरक काय राहिला?"

असं म्हणून त्यांनी बाबांना चहा पाजला. पुढच्या रविवारी आमच्या शेताच्या धुऱ्यावर येऊन, खापर निघालं तिथे खुंटी कशी ठोकायची, तेही शिकवलं.

मुलाखतीत काय झालं, ते सरांनीच वर्गात सांगितलं. समितीने लेख विचारले. सरांनी टेबलावर खापर ठेवलं. "जागा कोणती, हे एकानंही विचारलं नाही रे!" बढतीपेक्षा त्यांना त्याचंच जास्त लागलं होतं.

होते त्याच पदावरून ते निवृत्त झाले. महिन्याभरात कॉलेजच्या तपासणीला समिती येणार, म्हणून कॉलेजने त्यांची खोली रिकामी केली. खापरं वाया जाऊ नयेत, एवढी काळजी मात्र घेतली : फाटकातला खड्डा त्या खापरांनीच बुजवला.

मी धावत जाऊन सरांना घेऊन आलो. ते वाकले. एका तुकड्यावर त्यांचा क्रमांक अजून दिसत होता. मला वाटलं, आता रडतील.

"वही काढ," ते म्हणाले. "जागा लिही. कॉलेजचं फाटक. खोली, एक वीत. थर, तपासणी समितीचा."

मी लिहिलं. आता सरांच्या त्याच खोलीत इतिहास मी शिकवतो. माझाही उजवाच खिसा फाटलाय. बढतीचं विचारू नका.