मंद लहर

सिंदी गावातल्या आमच्या घरी ओट्यावर बायकोसंगं तुरीच्या शेंगा सोलल्या, तेच आमचं शेवटचं सोबतचं काम. लेक प्रयोगशाळेत असते, ती आलती. म्हणाली, "बाबा, आमच्या हिऱ्यात मुद्दाम खोट ठेवतात. लेझर टाकला का तो लाल चमकते. मायक्रोवेव्हची मंदातली मंद लहर आली तरी चमक उतरते, अन् आमाले समजते." बायको म्हणाली, "तसा एक हिरा तुह्या बाबाले बसव, मी बोलून थकली." लेक हसली नाई. त्याच हप्त्यात बायको गेली. माती झाल्यावर लेक रडत बोलली, "आईचं हृदय खराब होतं. तुम्हाले सांगू नको म्हणून तिनं शपथ घातलती." म्हणजे दोघींले ठाऊक, अन् मी घरात पाहुणा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीले स्टेशनावर नेलं, तिची बॅग फलाटावर ठेवली अन् गाडी यायच्या आधी पाठ फिरवली.