बिनगव्हाचा वाढदिवस

केक कढईतून बाहेर आला की आबा त्याला बोटाच्या पेरानं ठोकायचे, कान खाली नेऊन आवाज ऐकायचे आणि निदान सांगायचे, "हवा कमी हाय."

आबा म्हणजे आमच्या समोरच्या घरातले, निवृत्त एसटी ड्रायव्हर. आता मुलाबरोबर पुण्याला राहायला गेलेत. टायर ठोकून बघायची त्यांची सवय स्टिअरिंग सुटलं तरी सुटली नव्हती. तुमच्या गल्लीतही असा कुणीतरी असेल. पण तो नाचणीचा केक ठोकत असेल असं मला वाटत नाही.

त्यांच्या नातीला गहू सोसत नव्हता. डॉक्टरांनी गहू, मैदा, रवा सगळं बंद केलेलं. घरी अडत नव्हतं, ज्वारीची भाकरी आणि भात होताच. अडायचं ते वाढदिवसांना. गल्लीतली पोरं केक खायची आणि ही घरून आणलेला चिवडा. सातवा वाढदिवस जवळ आला तशी ती म्हणाली, "आबा, माझ्या वाढदिवसालाबी मी चिवडाच खायचा व्हय?"

दुसऱ्या दिवशी आबांनी कढईत मीठ पसरून शेगडी पेटवली.

पहिला केक नाचणीचा. त्यात सुरी वाकली. दुसरा वरईचा, तो कढईतच वितळला. "ह्याला शिरा म्हणून खावा की सायेब," आबांनी मला फर्मावलं. मी पतसंस्थेत कारकून आहे, पण त्यांच्यासाठी साहेबच. तिसरा त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यापुढं ठेवला. कुत्र्यानं वास घेतला आणि रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन बसलं. "त्येला गोडाची पारख न्हाय," आबा म्हणाले.

सून म्हणायची, "आबा, पौष्टिक करायचाय ना? मग एवढा गूळ?"

"कोल्हापुरात राहून गुळात हात आखडायचा? लोक काय म्हणतील?"

चव बघायचं काम माझ्याकडं होतं. माझी साखर वाढलेली, बायकोनं गोड तोडलेलं. नाही म्हणावं तर आबांचं मन मोडायचं, हो म्हणावं तर बायकोचा विश्वास. मी दोन्ही पापं एकाच घासात करायचो आणि तोंड पुसत घरी जायचो.

वाढदिवस दिवाळीच्या तोंडावर आला. त्या दिवसांत आमच्याकडं घरचं तूप, साखर, मैदा डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं आणि नानकटाई भाजून आणायची, अशी पद्धत आहे. आबांना वाटलं, केकही तिथंच भाजावा. माझ्या स्कूटरवर मागं बसून, नाचणी-तांदळाच्या पिठाचा डबा पोटाशी धरून ते आले. भट्टीवाल्याला म्हणाले, "नातीचा वाढदिवस हाय. जरा मनावर घे."

त्यानं घेतलं. तासाभरानं केक बाहेर आला तो असा फुगलेला, तांबूस, की नानकटाईच्या रांगेतल्या बायका माना वळवून बघू लागल्या. आबांनी ठोकला. त्यांचा चेहरा उजळला. "सायेब! फुल्ल हवा!"

"फुगंल न्हाय तर काय!" भट्टीवाला खुशीत म्हणाला. "पीठ लईच मोकळं वाटलं आबा. म्हटलं पोरीचा वाढदिवस हाय, दोन मुठी मैदा टाकला आमच्यातला. त्येचं काय द्यायचं न्हाय."

मी डोळे मिटले. आबांचा आवाज घाटात समोरच्या ट्रकवाल्याला गप्प करणारा होता, आता तो सुटणार असं वाटलं. पण भट्टीवाला इतका समाधानानं हसत होता की आबा नुसतं म्हणाले, "उपकार झालं बाबा." मग रांगेकडं वळले, "घ्या पावणं, वाढदिवसाचा हाय." केक तिथंच संपला. फार चांगला झाला होता, असं बायका म्हणाल्या.

घरी येऊन आबांनी पुन्हा पीठ कालवलं. पोरं जमली तेव्हा कढईतून जे निघालं त्याला मधोमध भेग होती आणि एक बाजू बसलेली. आबांनी ते ठोकलं नाही. कापायला गेलो तर भुगा होईल, म्हणून भांडंच मध्ये ठेवून सगळ्यांना चमचे दिले. पोरं भोवती उकिडवी बसली. नातीनं चमचा खुपसला, भरला, तोंडाशी नेला.

तेवढ्यात पाहुण्यांशी बोलत असलेली तिची आई झेपावली आणि तिनं पोरीचं मनगट पकडलं. "थांब!"

इतकी वर्षं लोकांच्या घरी ती हेच करत आली होती. पोरगी चमचा तसाच धरून आईकडं बघत राहिली. आईनं भांड्याकडं पाहिलं, मग आबांकडं. बोटं एकेक करून सुटली.

"खा," ती म्हणाली. "खा बाळा."

पोरीचे दोन्ही गाल फुगले. शेजारचा पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, हिला सांगा की! माझ्या बाजूचंबी हीच खायलीय!"