गोधडीखालची गाडी

गोंदियाजवळच्या बिरसीला मी गेलो होतो ते धान ठेवायला एखादी रिकामी शेड भाड्याने मिळते का, हे पाहायला. त्या वर्षी सगळी कापणी एकदम अंगावर आली होती आणि मुर्रीतल्या आमच्या घराची पडवीसुद्धा पोत्यांनी भरली होती. कोणीतरी सांगितलं, विमानतळाच्या बाजूला एका रिटायर्ड साहेबांची मोठी शेड आहे, आत काही खास नाही. ‘काही खास नाही’ म्हणणाऱ्या त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

साहेब सत्तरी ओलांडलेले होते. मूळचे गोंदिया शहरातले, त्यामुळे निम्मं हिंदी, निम्मं मराठी. उमेदीची वर्षं त्यांनी सिंगापूरला विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली. परत आल्यावर, बिरसीला मुलं विमान चालवायला शिकतात, तिथे काही वर्षं काम केलं आणि मग तिथेच घर बांधून राहिले. धानाचं नाव काढताच त्यांनी मान हलवली.

“धान आया तो चूहा आया. चूहा आला की वायर गेली.”

“कशाची वायर?”

ते आत गेले. शेडच्या मधोमध काहीतरी लांबट, बुटकं, भल्यामोठ्या गोधडीखाली झाकलेलं होतं. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून हाताने शिवलेली गोधडी होती ती. साहेबांनी ती ओढली नाही. पुढून मागे, एकेक घडी घालत उचलली आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

खाली डाळिंबी रंगाची स्पोर्ट्स कार होती. दोन दारं, दोन माणसांची जागा, उंची माझ्या कमरेपर्यंत. तीस वर्षांची गाडी, साहेबांनी सिंगापूरहून परतताना बोटीने आणलेली. अंगावर एक ओरखडा नाही. दारात मला मीच दिसलो, पोटासकट आणि केसांतल्या तणसासकट. साहेबांनी आत हात घालून एक बटण दाबलं तसे बॉनेटमधून दोन दिवे वर आले आणि माझ्याकडे बघू लागले. मी एक पाऊल मागे सरकलो.

मी बावन्न वर्षांचा माणूस, घरी दोन ट्रॅक्टर आहेत, बाजारात माझ्याशी बोलताना लोक जरा जपून बोलतात. पण त्या शेडमध्ये मी शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा होतो. इतकी सुंदर वस्तू आपल्या घरापासून इतक्या जवळ इतकी वर्षं होती आणि आपण पलीकडच्या रस्त्याने खताची पोती वाहत होतो, याचं मला आश्चर्य वाटत होतं आणि थोडा रागही येत होता. हात आपोआप पाठीमागे बांधले गेले. बाहेर निघताना पाहतो तर माझ्या चपला शेडच्या दाराशी होत्या. त्या मी कधी काढल्या, मला आठवत नव्हतं.

साहेबांनी ते पाहिलं होतं. “तुम्ही घेता का?” त्यांनी विचारलं.

त्यांना काचबिंदू झाला होता. डाव्या बाजूने येणारं काही दिसत नव्हतं, डॉक्टरने गाडी चालवायला साफ मनाई केली होती. मुलगी पुण्याला बोलावत होती आणि महिनाभरात त्यांना जायचं होतं. नागपूरहून एक हॉटेलवाला येऊन गेला होता, तो गाडी हॉटेलच्या दर्शनी भागात काचेत ठेवणार होता. “काचेत!” साहेब म्हणाले. “ये क्या मछली है?”

किंमत त्यांनी सांगितली. ती शेत विकावं लागेल इतकी मोठी नव्हती आणि बायकोपासून लपवता येईल इतकी लहानही नव्हती.

बायकोला सांगितलं, तर तिने भाजी चिरता चिरता एकच प्रश्न विचारला. “दोन माणसाची गाडी? मंग आई का टपावर बसन?”

तिला मी बरीच कारणं सांगितली. आमच्या रस्त्यावरचे गतिरोधक, गाडीची उंची, सुटे भाग, चिखल. म्हणजे न घेण्याची कारणंसुद्धा मीच देत होतो. खरं कारण मात्र पोटात ठेवलं होतं. मला भीती वाटत होती. तीस वर्षं जिला कोणी ओरबाडलं नाही, तिला पहिला ओरखडा माझ्या हातून पडणार. आमच्या घरात तसंही कोणतीच वस्तू पूर्णपणे उघडत नाही. सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच आहे, टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे, नव्या ट्रॅक्टरच्या सीटवरचं वेष्टन उन्हाने पिवळं पडून आपोआप फाटलं, तोवर मी हात लावला नाही. अशा माणसाने ती गाडी घ्यायची म्हणजे ती झाकलेलीच ठेवून फक्त शेड बिरसीहून मुर्रीला आणण्यासारखं होतं.

तरी मी दर रविवारी जायचो. सकाळी आठला साहेब इंजिन सुरू करत, वीस मिनिटं चालू ठेवत, वहीत काहीतरी लिहीत आणि खिशातल्या पिवळ्या मऊ फडक्याने बॉनेट पुसून बंद करत. मी स्टुलावर बसून ऐकायचो. आवाज मोठा नव्हता. छातीत जाणवायचा. घेतो म्हणत नव्हतो आणि नाही म्हणायलाही जीभ वळत नव्हती.

तिसऱ्या रविवारी आईने मला दारातच गाठलं.

“दर आयतवारी कुठं जाऊन राहिला रे? पोरगी पाहाले का?”

मी सांगितलं. तिने पदर खोचला. “मंग मले काऊन नाई नेलं? तुया बाप बैल घेताना मले दाखवल्याबिगर घेत नोता.”

हे खरं होतं. बैल पारखण्यात आईचा हात धरणारं आमच्या नात्यात कोणी नव्हतं. आता बैल राहिले नाहीत, नजर मात्र राहिली आहे. शेडमध्ये तिने गाडीला एक पूर्ण फेरी मारली, खाली वाकून चाकं पाहिली, मागे जाऊन उभी राहिली. इंजिन चालू होतंच. तिने बॉनेटवर सरळ पंजा ठेवला. माझा जीव खाली-वर झाला. साहेबांचाही झाला असणार, कारण फडकं त्यांच्या हातात आलं होतं.

“जीव हाये याच्यात,” आई म्हणाली. दिवे वर आले तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली आणि पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. मग माझ्याकडे वळली. “घेऊन टाक ना मंग. कायले थांबून राहिला?”

“खराब होईल, आई.”

“तू बसाले घेऊन राहिला का पुजाले?”

ती डावीकडचं दार उघडून आत बसायला निघाली आणि थबकली. त्या सीटवर प्लास्टिक होतं. कारखान्यातून आलं तसं, शिवणीपर्यंत घट्ट. चालवणाऱ्याच्या सीटवर नव्हतं.

“इथं कोणी बसलंच नाई का, भाऊ?”

साहेबांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, “नहीं माताजी. बायको म्हणायची, मला यातून नागझिऱ्याच्या जंगलात ने. मी म्हणायचो, रस्ता चांगला होऊ दे, दगड उडतात, रंग जाईल. रस्ता झाला. तोपर्यंत ती नव्हती. गोधडी तिनेच शिवली. दोन उन्हाळे शिवत होती.”

आईने गोधडीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, असलाच तर थोडा रागच होता. ती बाजूला झाली.

“फाडा ते,” ती म्हणाली. “अन् मी नाई, पैले तुमी बसा.”

साहेबांनी पेटीतून लहान कात्री आणली. तेव्हाही ते प्लास्टिक त्यांनी फाडलं नाहीच, शिवणीच्या कडेने नीट कापून काढलं. खालचं कापड कालच दुकानातून आणल्यासारखं होतं. ते वाकून आत बसले. स्वतःच्या गाडीत डावीकडे ते तीस वर्षांत पहिल्यांदा बसत होते. पाय आपोआप ब्रेक शोधत होता.

त्यांनी मला स्टिअरिंगकडे खूण केली. आई शेडच्या दारात उभी राहिली.

त्या गाडीत आपण बसत नाही, जमिनीलगत पाय लांब करून जवळजवळ लवंडतो. रस्ता थेट डोळ्यांसमोर येतो. कापलेल्या धानाची धसकटं माझ्या कानाच्या पातळीला होती आणि जन्मभर पाहिलेली शेतं मला कोणी नव्याने दाखवत असल्यासारखी दिसत होती. वर शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. साहेबांनी मान वर न करता, नुसत्या आवाजावरून सांगितलं, “उतरतंय. पोरगा घाबरलाय, थ्रॉटल वर-खाली करतोय.” मग मला म्हणाले, “तिसरा टाका. तिला बोलू द्या.” मी तिसरा टाकला. माझ्या अंगावर काटा आला. हे मी कोणाला पटवून सांगू शकत नाही, वेगाचा काटा साठच्या वरही गेला नसेल, पण मला रडू येईल असं वाटलं.

पुढे रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलं होतं, कडेने दगड मांडून. आमच्याकडे सगळेच मांडतात, मीही दरवर्षी मांडतो आणि दगड न उचलता धान भरून घरी जातो. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या चाकाखालून एक दगड निसटला आणि टक् असा आवाज झाला.

मी गाडी थांबवली.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“दगड लागला.”

ते उतरले. इतकं बारीक त्यांना दिसणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी गाडीच्या नाकावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, एका टोकापासून. उजव्या दिव्याखाली अंगठा थांबला. तांदळाच्या कणीएवढा टवका होता. अंगठा त्याच्यावर पुन्हा पुन्हा फिरत राहिला. मी माफी मागायला तोंड उघडलं.

“इतकंच?” साहेब म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. “इतक्यासाठी मी तिला नेलं नाही?”

धान वाळवणारी बाई खोऱ्यावर हात ठेवून आमच्याकडे पाहत होती. मी साहेबांना दंडाला धरून परत आत बसवलं. माझी भीती त्या दगडाबरोबर गेली होती. पण खरं सांगायचं तर भीतीच्या जागी लाज आली होती, घरातल्या त्या सगळ्या प्लास्टिकची.

“मी घेतो,” मी म्हणालो.

कागदपत्रं झाली त्या दिवशी आई पुन्हा बरोबर आली. साहेबांनी किल्ल्या दिल्या, वह्या दिल्या आणि शेवटी गोधडी माझ्यापुढे धरली. आईने ती मधेच घेतली, घडी सारखी केली आणि परत त्यांच्याच हातात ठेवली. आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत, घरीच ठेवतात.

“जनावर जाते, दावं घरी राहते, भाऊ,” ती म्हणाली. साहेबांनी गोधडी छातीशी धरली.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी, पहाटे, मी त्यांना घेऊन नागझिऱ्याला गेलो. गोधडी त्यांच्या मांडीवर होती. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, जंगल सुरू झालं का. शेवटच्या टप्प्यात कच्ची वाट लागली आणि मी वेग कमी केला, तर म्हणाले, “चलने दो.”

अभयारण्याच्या फाटकावरचा गाईड धावत आला. गाडीभोवती फिरला, मग आत वाकून म्हणाला, “ही गाडी अंदर नाई चालत, साहेब. आतली गाडी घ्या लागन.”

“अंदर नाही जायचं,” साहेब म्हणाले. “यहीं तक आना था.”

ते उतरले, गोधडी सीटवर ठेवली आणि दार उघडंच ठेवलं. लाल धूळ चाकांपासून पार आरशांपर्यंत चढली होती, डाळिंबी रंग कुठे दिसत नव्हता. साहेबांनी खिशातून पिवळं फडकं काढलं. त्याने चष्मा पुसला आणि फडकं परत खिशात ठेवलं.