कुंकवाचे शब्द, भंडाऱ्याचे शब्द

रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळेला मागच्या गल्लीतून शालनवहिनींच्या डंकाचा आवाज यायचा. डंक म्हणजे आमच्याकडचं मिरची-मसाला कुटायचं यंत्र. ते सुरू झालं की मंगळवार पेठेतली आमची गल्ली आधी शिंकायची आणि मग कामाला लागायची. त्या दिवशी चहा संपला तरी आवाज नाही. वीज तर होती. मी बायकोला म्हणालो, "वहिनी मुरगूडला गेल्या का काय माहेरी?" ती काही बोलायच्या आत त्यांच्या शेजारची सुरेखा दारात येऊन उभी राहिली. तिला एवढंच म्हणता आलं, "तुमी चला की लवकर..." वहिनी झोपेतच गेल्या होत्या. चेहऱ्यावर त्रासाची रेघसुद्धा नव्हती. उशाशी मोबाइल होता आणि खाटेच्या पायाला कुंकवाचं ताजं बोट होतं. त्या कुंकवाबद्दलच लिहायला बसलो आहे.

शालनवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादा गेल्यावर डंक विकून टाका असं आम्ही सगळ्यांनी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून स्वतःच डंकापुढं बसल्या. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून न्यायला बायकांची रीघ लागायची, डब्याला डबा भिडायचा. कुणाला जाळ तिखट हवं, कुणाला बेताचं. लक्षात राहावं म्हणून वहिनी तिखट डब्याला कुंकवाचं बोट लावत आणि बेताच्या डब्याला हळदीचं. या पद्धतीत त्यांची कधी गफलत झाल्याचं मला आठवत नाही. एकुलता एक मुलगा संजय शिकून स्पेनला गेला, तिथंच लग्न करून राहिला, आणि त्याची मुलगी तारा बोलायला लागली ती थेट स्पॅनिशमध्ये. व्हिडिओ कॉलवर इकडून आजी मराठीत, तिकडून नात स्पॅनिशमध्ये, आणि मध्ये संजय दोघींचं एकमेकींना सांगणार. त्यात निम्मं गाळणार. एकदा तारा रडत रडत बरंच काही बोलली आणि हे महाशय म्हणाले, "काय न्हाय आई, शाळेचं हाय कायतरी." फोन बंद झाल्यावर वहिनींनी काळा पडदा पदरानं पुसला. मग मला म्हणाल्या, "भावजी, लेकरू एवढं कळवळून बोललं आणि माझ्या वाटणीला आलं ‘काय न्हाय’. आजी-नातीच्या मधी दलाल कशाला पायजे?"

सत्तरीला टेकलेल्या या बाईनं स्पॅनिश शिकायचं ठरवलं. मी म्हणालो, "वहिनी, ते काय मिरची कुटण्याइतकं सोपं न्हाय." त्या म्हणाल्या, "मिरची कुटायला तरी तुमास्नी कुठं येतंय?" मोबाइलवरचे धडे सुरू झाले. शब्द भराभर पाठ व्हायला लागले, पण गाडी अडली ती नामांच्या लिंगापाशी. आपल्याकडं तो, ती, ते असे तीन रस्ते. तिकडं ‘ते’ची सोयच नाही. प्रत्येक वस्तू एक तर बाई, नाही तर बाप्या, आणि तेही आपल्याशी जुळेल तर शपथ. चंद्र तिकडं बाई, हात बाई, दूध बाई. नदी मात्र बाप्या. "आपल्या पंचगंगेला बाप्या म्हणायचं? जीभ न्हाय वळत माझी," असं म्हणून त्या एक दिवस रुसूनच बसल्या. चुकलं की तारा खुदकन हसायची, आणि हसण्यात तिचं मनातलं सांगायचं राहून जायचं.

मग एके सकाळी देवपूजा झाल्यावर त्या कुंकवाचा करंडा आणि बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी घेऊन घरभर फिरल्या. दार, खिडकी, खुर्ची, खाट, सगळ्यांना कुंकू. घड्याळ, आरसा, पाण्याचा पेला यांना पिवळा भंडारा. "अंबाबाईचं कुंकू बायकांस्नी, बिरोबाचा भंडारा बाप्यांस्नी. डब्यांचं कधी चुकलं न्हाय, ह्याचं कशाला चुकंल?" येता-जाता वस्तूला हात लावायचा आणि तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. फोनवर ताराला एकेक बोट दाखवायचं. पुसलेलं बोट दुसऱ्या दिवशी परत लागायचं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. नेसरीहून मिरची घेऊन आलेल्या एका बाईनं तर कुंकू ल्यालेल्या फ्रिजला मनोभावे हात जोडले आणि पुढच्या खेपेला त्याच्यापुढं नारळ ठेवला. वहिनींनी तो फोडून खोबरं तिच्याच हातावर ठेवलं, "देव न्हाय ओ बाई, दूध ठेवायचं कपाट हाय." मी विचारलं, मला काय लावणार? माझ्या कपाळाला भंडारा टेकवत म्हणाल्या, "पुसू नका, न्हाईतर इसरंन मी." घरात एकटा डंक तेवढा कोरा राहिला. ताराला वर्णन करून सांगितलं, तिच्या आईलाही विचारलं, पण असलं यंत्र त्यांनी पाहिलेलंच नव्हतं, नाव कुठून सापडणार? "सुट्टीत येणार हाय लेकरू. तीच ठरवंल. तवर ऱ्हाऊ दे कोरा."

एका दुपारी मी डंकापाशी बाकावर बसलो असताना वहिनींचा फोन वाजला. पडद्यावर तारा एकटीच, डोळे सुजलेले. वहिनींनी डंक बंद केला. आयुष्यभर त्या आवाजावर ओरडून ओरडून बोललेली ही बाई इतक्या हळू आवाजात बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. एकेक शब्द चाचपत, थांबत, परत उचलत त्या बोलत होत्या... मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मध्येच त्यांनी तिखटानं लाल झालेला हात पदराला पुसून पडद्यासमोर धरला. तिकडून ताराचा इवलासा हात वर आला. पोरगी रडायची थांबली. मग हसली. फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "वर्गातली एक पोरगी हिच्या रंगाला हसतीया. कवापासनं सांगत हुती बिचारी. मी म्हटलं, माझा हात बघ, तुझा हात बघ. येकच हाय." आणि डंक सुरू केला. थोरामोठ्यांची भाषणं पुष्कळ ऐकली, पण कुणापुढं मनातून असा वाकलो नव्हतो.

तारा आली, पण सुट्टीत नाही. बाराव्याला. घर भरलेलं, सगळी अनोळखी माणसं. पोरगी उंबऱ्याशीच थबकली. मग तिला दारावरचं कुंकू दिसलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि दाराचं नाव घेतलं. पुढं खुर्ची, खिडकी, आरसा... आजीनं लावलेलं एकेक बोट वाचत ती घरभर फिरली आणि आम्ही सगळे तिच्या मागं. शेवटी डंकापाशी आली. त्याच्याभोवती फिरली, खाली वाकून बघितलं, कुठंच बोट नाही. आजीनं हा तुझ्यासाठीच कोरा ठेवलाय, असं मी सांगायला लावलं तसं संजयनं तिला तिच्या भाषेत सांगितलं. सुरेखानं देवघरातनं करंडा आणि पुडी दोन्ही आणून पुढं धरलं. ताराला विचार करावा लागला नाही. तिनं कुंकवात बोट बुडवून डंकाला टेकवलं, आणि शेजारी आपला पंजा उघडा ठेवून तशीच उभी राहिली. ओठ हलत होते. संजय पुढं होऊन काय बोलतेस म्हणून विचारणार, तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "मधी दलाल नको."

डंक आता सुरेखा चालवते. रोज संध्याकाळी ती तो फडक्यानं पुसून काढते, तेवढं बोट सोडून.